नाकातोच्या ओळीला उत्तर

नाकातो गाण्याची अर्धीच ओळ म्हणायची आणि थांबायची. उरलेली अर्धी समोरच्याने म्हणायची, असा तिच्याकडचा रिवाज. सिडनीत पेंडल हिलजवळच्या एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालायचो. पहिल्याच दिवशी तिने ओळ टाकली आणि चादरीचं टोक धरून माझ्याकडे बघत राहिली. मी आपली घडी घालण्यात गर्क. "सिस्टर, यू आर अलाइव्ह, नो?" तिने विचारलं. मग मला काहीतरी गुणगुणावंच लागलं.

युगांडात ती नावाजलेली गायिका होती. नवरा गेल्यावर दिरांनी घराबाहेर काढलेल्या बायकांसाठी ती गायची आणि गाऊन झालं की त्यांना वकिलाकडे घेऊन जायची. "फर्स्ट साँग, देन लॉयर," हे तिचं ठरलेलं वाक्य. जमिनी बळकावणाऱ्यांत बडी धेंडं निघाली, तशी तिची गाणी रेडिओवरून गायब झाली. शेवटच्या कार्यक्रमाला भिंतीला लागून पोलीस उभे होते. तिने ओळ टाकली आणि भरल्या सभागृहातून एकही आवाज आला नाही. "पोलिसांना नाही घाबरले, सिस्टर. त्या शांततेला घाबरले," असं ती मला म्हणाली होती. सिडनीत आल्यापासून ती स्टेजवर चढलीच नव्हती.

मीच तिला आमच्या मराठी मंडळात गायची गळ घातली. तेव्हा आई साताऱ्याहून माझ्याकडे आली होती. बाबा गेल्यापासून काका तिच्याकडे घराच्या हक्कसोडपत्रावर सही मागत होते आणि भांडण नको म्हणून ती परत गेल्यावर सही करणार होती. मी कितीदा डोकेफोड केली, पण व्यर्थ!

नाकातो हट्टाने एक ओळ मराठीत शिकली: 'हे घर कुणाचं?' मी स्टेजवरून गाण्याचा अर्थ सांगितला, पण ओळीला उत्तर द्यायचं असतं, हेच सांगायला विसरले. आमची माणसं शिस्तीची. गाणं चालू असताना तोंड उघडायचं नाही, टाळ्या शेवटी. तिने ओळ टाकली. सगळा हॉल कौतुकाने गप्प. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. ढोलावरचा तिचा हात थांबला, नजर भिंतींकडे गेली. मला स्वतःचा भयंकर राग आला.

तरी ती हटली नाही. तिसऱ्यांदा, आणखी मोठ्याने विचारलं, "हे घर कुणाचं?"

"माझं!"

पहिल्या रांगेत आई उभी होती. मग मागून एक आवाज आला, मग दहा, मग मोजदाद राहिली नाही. नाकातो मान मागे टाकून हसली आणि असं काही गायली की समोसे गार झाले तरी कुणी उठेना.

कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये नाकातो गाडीत ढोल ठेवत होती. आईने तिथेच काकांना फोन लावला. "भाऊजी, मी सही करणार नाही."

काकांचा आवाज मलाही ऐकू आला. "वहिनी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

आईने नाकातोकडे पाहिलं.

"शिकवलं कुणीच नाही," ती म्हणाली. "विचारलं मात्र आज पहिल्यांदा."