चौकटरावांची घाई

गल्लीत त्यांना सगळे चौकटराव म्हणायचे, आणि त्यांना त्याचा रागही येत नसे. घरालाच लागून टायपिंगचं छोटंसं दुकान, दोन खुर्च्या, एक कम्प्युटर आणि दम लागल्यासारखा घरघरणारा प्रिंटर. कुणी निकाल आणो, कुणी वेळापत्रक, चौकटराव हां हां म्हणता टेबल टाकायचे, रकाने सारखे करायचे, वरची ओळ ठळक, आकडे उजवीकडे. एखादी रेघ जाड-बारीक दिसली की जेवण गोड लागत नसे त्यांना. माणूस हुशार, पण भारी घायकुता. दुसऱ्याच्या हातून हळूहळू होणारं काम त्यांना बघवतच नसे.

जवळच्या शाळेच्या ऑफिसात जागा निघाली, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, मला टेबल करायला शिकवा ना. परीक्षेत तेच करायला देतात म्हणे. मुलगी सासरी गेल्यापासून घर नुसतं खायला उठतं."

"हात्तिच्या! त्यात काय मोठं? महिन्याभरात तयार करतो तुला."

रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती माउस धरून बसायची. ओळी किती, रकाने किती, एवढं जमलं. पण टेबलातली शेजारशेजारची दोन घरं जोडून एक करायला गेली की बाण भलतीकडेच पळायचा. की आलाच चौकटरावांचा हात. "अगं, असं नाही! सरक, मी दाखवतो." टकाटक क्लिक, की टेबल तयार. "बघितलंस? किती सोप्पं!" ती मान हलवायची. कसलं सोप्पं न् कसलं काय! तिला दिसायचं ते फक्त यांचं मनगट.

"मला करू द्या की," एकदा ती म्हणाली.

"करशील गं, पण तेवढ्यात कुणी येईल," म्हणत त्यांनी तेही उरकून टाकलं.

परीक्षेच्या दिवशी ते शाळेच्या फाटकाबाहेर थांबले होते. ती बाहेर आली ती मान खाली घालून. घरी आल्यावर पाण्याचा पेला हातात तसाच धरून म्हणाली, "टेबल झालं होतं हो माझं. मग एक रकाना ओढायला गेले आणि तो इतका अरुंद झाला, की अक्षरं एकाखाली एक पडली."

"मग अनडू करायचं! सांगितलं होतं ना?"

"आठवत होतं. पण चुकलं, आणि माझा हात आपोआप माउसवरून निघाला. मी खुर्ची बाजूला घेऊन बसले. तुम्ही येणार म्हणून. भानावर आले, तोवर वेळ संपली होती."

महिनाभर आपण हिला शिकवलं काय, तर बाजूला व्हायला! चौकटरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढं दुसऱ्या एका ऑफिसात जागा निघाली. चौकटरावांनी स्वतः तिच्यासाठी खुर्ची ओढली, आपले हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "ये, बस. लागू दे लागेल तेवढा वेळ. मी बोटसुद्धा लावणार नाही."

ती ओले हात पुसत दारातच उभी राहिली.

"नको हो," ती हसून म्हणाली. "तुम्हीच करा. माझ्याच्यानं नाही व्हायचं ते."

टोमणा असता तर त्यांनी गिळला असता. पण ती अगदी मनापासून बोलत होती.