उभी की उभा

"बाई, उभी की उभा? आधी ते ठरवा."

सर माइकवर बोल्ले अन् सारा हॉल हासला. कारंजा गावात कविता लेखनाची कार्यशाळा होती. सर म्हणजे कॉलेजातले प्राध्यापक, नावाजलेले कवी. माहा कागद त्यायच्या हातात होता. त्यायनं परत वाचलं, माह्यासारखा आवाज काढून.

"माय, मी रोज तुह्या खाटेपाशी येतो, पाण्याचा गिलास घेऊन उभी राह्यतो."

आमच्याकडं बाया अशाच बोलतात. मी येतो, मी जातो. माही माय अशीच बोले.

"येतो, जातो! बाई आहात की बुवा?" सर म्हणे. "ही कविता नाही. ही भाजीबाजारातली बडबड आहे."

मी भाजीच विकतो. गावाबाहेर आमची मेथी-पालकाची वाडी हाय. बारावी शिकेल हावो. हे मी फॉर्मवर लिहेल होतं, तिथूनच त्यायले समजलं.

कविता कशावर हाय, कोणी विचारलं नाही. माय मरून तवा दोन महिने झाले होते.

सरनं लाल पेनानं कागद दुरुस्त केला. मी "हो सर" म्हणलं. कागद घेतला. जागेवर जाऊन बसली.

घरी नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणलं सरनं?"

"चांगलं म्हणलं."

रडू आलं नाही. रागही आला नाही. दुसऱ्या दिवशी मी मेथी उपटली, जुड्या बांधल्या, बाजारात बसली. दुपारी लाल पेनानं दुरुस्त झालेली, सरची कविता चांगल्या अक्षरात उतरवून काढली. मोठ्यानं वाचली. "आई, मी रोज तुझ्या शय्येपाशी येते." शय्या आमच्या घरात कधी नव्हती. बाज होती, पायथ्याकडून ढिली. माय त्या ढिल्या बाजूले घसरे, मी तिले वर ओढो. सरच्या ओळीत माय नव्हती. मीही नव्हती. वाचताना माहा दम जिथं तुटे, तिथं ओळ तुटत नव्हती.

वही मिटवली. सात-आठ महिने काही लिहिलं नाही. लिहावंसं वाटलंही नाही.

मंग सरचा फोन आला. ग्रामीण कविसंमेलन होतं.

"ताई, ती आधीचीच कविता वाचा. तुमच्या त्या बोलीत. लोकांना गंमत वाटते. आणि डोक्यावर पदर घ्या, छान दिसतं."

मी "बरं" म्हणलं. काहून म्हणलं, मले आजही सांगता येत नाही.

पदर घेतला नाही. माइकसमोर गेली. पहिली ओळ वाचली तं लोक हासले. समोरच्या रांगेत सर सगळ्यायच्या आधी हासले.

मी थांबली.

"हे माही माय मेली त्याची कविता हाय," मी म्हणलं. "तुमचं हासणं होऊ द्या. मंग वाचतो."

सर अर्धे उठले. "ताई, गंमत होती ती. पुढं वाचा."

"सर, तुमी बसा."

ते बसले. मी पहिल्यापासून वाचली. दम तुटला तिथं थांबली. घाई केली नाही. दोन-चार जणायनं टाळ्या वाजवल्या. बाकीचे खाली पाहत होते.

बाहेर सर आले. माह्या हातातला कागद त्यायनं धरला. "स्मरणिकेत घेऊ आपण. थोडी दुरुस्त करतो."

मी कागद ओढून घेतला. कोपरा फाटला, त्यायच्या बोटात राह्यला.

"माही कविता मीच दुरुस्त करीन, सर. तुमी हात लावायचा नाही."

स्मरणिका निघाली. माही कविता तिच्यात नाही.

त्या हप्त्यात मी वही उघडली. शेवटची ओळ होती, "तू सुखानं गेली." मी ती खोडली. माय सुखानं गेली नव्हती. खोटी ओळ मी ठेवणार नाही, मीच लिहेल असली तरी. अन् खरी ओळ कोणाले खोडू देणार नाही.