बापूंना कुणी काढलं

रविवारी सकाळी फोन वाजला आणि पडद्यावर 'बापू' असं नाव दिसलं, तेव्हा खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पूर्वी दर रविवारी त्यांचा फोन यायचाच. साखरझोपेतून उठवून विचारायचे, "म्हसकर, उठलास का मर्दा? जाळी कोण आणतंय?" जाळी म्हणजे गोलपोस्टची. मी त्यांना संघातून काढलं आणि तो फोन बंद झाला. त्यामुळे कित्येक महिन्यांनी तो पुन्हा वाजला, तर उचलायचा धीर होईना. थोडा वेळ मी नुसता नावाकडे बघत बसलो. उचलला, तर पलीकडे त्यांचे शेजारी कुलकर्णी होते. बापू दूध आणायला बूथवर गेले होते, पिशवी घेऊन तिथल्या बाकावर टेकले आणि उठलेच नाहीत.

स्मशानातून परतताना कुलकर्णी, मला ऐकू जाईल अशा बेतानं, कुणाला तरी म्हणाले, "ग्राउंड सुटलं आणि माणूस खचला." बापूंना मी का काढलं हे मला माहीत होतं, पण ते कुणाला न सांगण्याचं मी त्यांना वचन दिलं होतं. आणि गाडीत पुढे बसलेल्या शालनवहिनींनी, बापूंच्या बायकोनं, ते वाक्य ऐकलं होतं. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं... त्या नजरेची मला पुढे कितीतरी दिवस धास्ती वाटत राहिली.

बापू म्हणजे दिनकर चौगुले. कोल्हापूरचा गडी. पेठेतल्या तालमीच्या संघाचे गोलकीपर. केंद्र सरकारच्या नोकरीनं त्यांना तरुणपणीच दिल्लीला आणून टाकलं, ते मयूर विहारच्या सोसायटीत कायमचे. मी पुण्याहून नोएडात नोकरीला येऊन त्याच सोसायटीत राहायला लागलो तेव्हा इथे माझं कुणी नव्हतं. जानेवारीची सकाळ होती, पार्कात इतकं धुकं की चालताना आपलेच बूट दिसू नयेत. त्या धुक्यातून अचानक एक खणखणीत आरोळी आली, "माझाऽऽ!" मी जागच्या जागी थबकलो. दिल्लीत, त्या थंडीत, कोण मराठीत ओरडतंय? आवाजाच्या रोखानं गेलो, तर एक उंच, काळासावळा माणूस चेंडू छातीशी घेऊन उभा. उंच आलेला चेंडू कीपर घेणार असला की त्यानं ओरडून सांगायचं असतं, नाहीतर बचाव करणारे आणि तो एकमेकांवर आदळतात. इतर कीपर काय ओरडत असतील ते ओरडोत, बापू "माझा!" म्हणायचे. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "खेळतोस का?" मी नाही म्हटलं. "मग मॅनेजर हो," म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या रविवार संघाचा मॅनेजर मी. काम काय, तर चेंडूत हवा भरणं, गाडी ठरवणं आणि सगळ्यांच्या शिव्या खाणं.

संघात हळूहळू सगळ्या प्रांतांची माणसं आली, पण तो शब्द टिकला. पंजाबी, बिहारी, मल्याळी, सगळे गोलमध्ये उभे राहिले की "माझा!" ओरडायचे. माझ्या ऑफिसातल्या हरमीतची तर कितीतरी दिवस समजूत होती की हा फुटबॉलमधलाच कुठला तरी परदेशी शब्द आहे. बापूंना याचा भारी अभिमान. "म्हसकर, आपण दिल्लीला एक तरी शब्द शिकवला का नाही?" असं म्हणून ते माझ्या पाठीत थाप मारायचे, आणि ती थाप गोलकीपरची असल्यामुळे चांगलीच लागायची. अंगावर येणाऱ्या खेळाडूच्या पायात उडी घालणारा हा माणूस. एकदा ओठ फाटला, एकदा बोट मोडलं. पट्टी बांधून पुढच्या रविवारी हजर. आमच्या बघ्यांमध्ये त्यांचं नाव 'शेर' होतं.

आमचे बघे हाही एक प्रकारच होता. फोल्डिंगची खुर्ची घेऊन येणारे कुलकर्णी, सोसायटीतल्या बायका, त्यांची पोरं, सकाळचे फिरायला येणारे. चहा पीत, मटार सोलत मॅच बघायची आणि मग आठवडाभर ग्रुपवर तिचा कीस काढायचा. फक्त शालनवहिनी कधी आल्या नाहीत. "तिला फुटबॉलचं वावडं आहे," बापू म्हणायचे. आम्हालाही ते खरं वाटायचं.

मग ती पानिपतची मॅच आली. तिथल्या हातमाग व्यापाऱ्यांचा आमच्यासारखाच हौशी संघ होता. मराठी माणसं पानिपतला मॅचला निघाली म्हटल्यावर गाडीत काय काय विनोद झाले असतील ते सांगायला नको. जाताना सगळ्यांत मोठ्यानं बापूच हसत होते. सामना बरोबरीत चालला होता. शेवटी शेवटी पानिपतवाल्यांना कॉर्नर मिळाला, चेंडू उंच आला, अगदी गोलच्या तोंडावर. आमचे बचाववाले नेहमीसारखे बाजूला झाले, कारण आता "माझा!" येणार हे ठरलेलं. ती आरोळी आलीच नाही. त्या शांततेत चेंडू खाली पडला आणि कुणीतरी तो सहज आत ढकलला. बापू पोस्टला धरून उभे होते. "डोळ्यात ऊन आलं," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र बघितलं होतं, सूर्य त्यांच्या पाठीमागे होता.

परतताना हायवेवरच्या ढाब्यावर गाडी थांबली. सगळे पराठ्यांवर तुटून पडले, बापूंनी मात्र मला खुणेनं बाहेर बोलावलं. उभ्या ट्रकांच्या आडोशाला गेलो. त्यांच्या हातातला चहाचा ग्लास थरथरत होता.

"ऊन नव्हतं," ते म्हणाले. "भ्यालो."

मला वाटलं चेष्टा करताहेत. मी हसलोही.

"हसू नकोस. बरेच दिवस झाले. चेंडू वर गेला की पोटात कालवतंय. आता तर मेट्रोचं दार लागलं तरी तसंच होतंय. लिफ्टमध्ये पण."

"पण कशाची भीती, बापू?"

"तेच कळंना झालंय मर्दा. कळलं असतं तर भिडलो नसतो का?"

मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. ते म्हणाले, दाखवू, पण आधी मला संघातून काढ. तुम्हीच सांगा ना थांबतो म्हणून, मी म्हटलं. त्यावर ते मान हलवत राहिले. "मी थांबलो तर शालन का म्हणून विचारणार. आणि तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही. तिनं आयुष्यभर वाघाशी संसार केलाय, आता हे कसं सांगू? तू काढलंस तर मला कोण काही विचारणार नाही. सगळे तुलाच शिव्या घालतील." एवढं बोलून ते जरासे हसले. मग माझा हात धरून म्हणाले, "कुणाला सांगायचं नाही. शब्द दे." मी शब्द दिला. पहाडासारखा माणूस असा समोर थरथरताना बघून मलाच भीती वाटली होती, त्या भीतीपोटी मी काहीही कबूल केलं असतं.

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, 'पुढच्या मॅचपासून गोलमध्ये हरमीत.' आणि मोहोळ उठलं. कुलकर्ण्यांनी लिहिलं, इतक्या वर्षांची सेवा आणि साधा निरोपसमारंभ नाही? कुणी म्हणालं, वय झालं होतं, कधीतरी हे व्हायचंच, मॅनेजरनं हिंमत दाखवली. त्याच्यावर दहाजण तुटून पडले. एका गोलसाठी? पानिपतच्या एका गोलसाठी शेरला घरी बसवायचं? मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हरमीत माझ्याच ऑफिसातला. झालं. वशिला, ऑफिसचं राजकारण, सगळं निघालं. सोसायटीतली पोरं मला लिफ्टमध्ये अडवून विचारायची, "अंकल, आपने बापू को रिलीज़ क्यों किया?" एका मुलीनं तर पुठ्ठ्यावर 'बापू को वापस लाओ' लिहून आणलं आणि मॅचभर तो माझ्यासमोर धरून बसली. माझ्या बायकोनंही एकदा विचारलं, "खरं सांग, का केलंस?" मी विषय बदलला.

बापू त्या बघ्यांमध्येच येऊन बसायला लागले होते. एका रविवारी कुलकर्ण्यांची जीभ फारच सुटली, तेव्हा ते ताडकन उठले. "बास! म्हसकरनं केलं ते बरोबर केलं." आणि त्याचा परिणाम काय झाला, तर बघा, माणूस किती मोठ्या मनाचा, आणि हा म्हसकर किती हलका, असं सर्वानुमते ठरलं. बापूंनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. तेवढा एक क्षण सोडला तर त्या काळात मी त्यांना हसताना बघितलं नाही. डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेलो होतो. छातीचा कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. ताण असेल, डॉक्टर म्हणाले. बापू बाहेर आले आणि जिन्यानंच उतरले, कठडा घट्ट धरून, एकेक पायरी. मी त्यांच्या पुढे दोन पायऱ्या उतरत होतो, पडलेच तर धरायला.

आता रात्रंदिवस मी तोच विचार करतो. ती भीती नुसतीच भीती होती, की त्यांच्या शरीराला आतून काही कळलं होतं, जे कुठल्याच यंत्राला कळलं नाही? फक्त एवढं झालंय की हल्ली लिफ्टचं दार लागलं की माझंही काळीज लक्कन हलतं.

बापू गेल्यावर काही आठवड्यांनी शालनवहिनींचा निरोप आला, येऊन जा. दोन रविवार मी कामाची सबब सांगितली. तिसऱ्या वेळी कारणच सापडेना, तेव्हा गेलो. दार उघडंच होतं. गॅलरीत दोरीवर बापूंचे हातमोजे चिमट्यांनी अडकवलेले होते, बोटं खाली, पाणी गळत होतं. वहिनींनी ते नुकतेच धुतले होते. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी चहा ठेवला, समोर बसल्या आणि आडवळण न घेता म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना का काढलंत? मी भांडायला बोलावलं नाही. मला फक्त कळू दे. मरेपर्यंत त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही, म्हणून मला जास्त टोचतं."

शब्द पाळायचा, तर या बाईनं उरलेलं आयुष्य असंच समजून काढायचं की नवऱ्याला मी झुरवून मारलं. शब्द मोडायचा, तर बापूंनी जिच्यापासून जे लपवलं तेच तिच्या पदरात टाकायचं. चहा निवला. शेवटी मी सांगितलं. पानिपत, ऊन, ढाबा, थरथरणारा ग्लास... सगळं.

ढाब्यावर मी विचारलं होतं तेच वहिनींनी विचारलं, "कशाची भीती?"

"कळत नाही म्हणाले."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. आवाज मात्र स्थिर होता. "लग्न झाल्यापासून दर रविवारी मी घाबरते आहे, भाऊजी. पहिल्याच वर्षी ह्यांना डोकं फुटून घरी आणलेलं बघितलं. त्यानंतर मैदानावर पाऊल टाकलं नाही. दार वाजेपर्यंत स्वयंपाकघरात काहीतरी घासत बसायची. ह्यांना वाटायचं मला खेळ आवडत नाही. वाटू दे म्हटलं. वाघाच्या बायकोनं भ्यायचं कसं?" त्या थांबल्या. "सांगितलं असतं तर... दोघं मिळून घाबरलो असतो हो. एकाच घरात दोघं वेगवेगळे घाबरत बसलो."

निघताना त्यांनीच सांगितलं की हे सगळं लिहा, लोकांना कळू दे. लोक तुम्हाला बोलतात, ते मला आता ऐकवणार नाही. मी म्हटलं, पण बापूंचं नाव? "घाबरल्यानं नाव जात असेल," त्या म्हणाल्या, "तर माझं कधीच गेलंय." आणि हातमोजे दोरीवरून काढून, अजून ओलेच, माझ्या हातात दिले.

पुढच्या रविवारी मी ते हरमीतला दिले. त्याच्या हाताला ते थोडे मोठे होतात. जाळी बांधत होतो, तेवढ्यात फाटकातून शालनवहिनी येताना दिसल्या, हातात घरचं प्लॅस्टिकचं स्टूल. कुलकर्णी खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांना त्या म्हणाल्या, बसा. मग सगळ्या बघ्यांना ओलांडून त्या थेट गोलच्या मागे गेल्या आणि स्टूल टेकवलं. हरमीत बिचारा गोंधळला. आंटी, बॉल लग जाएगा, म्हणाला. वहिनींनी त्याच्या हातातले मोजे बघितले.

"डर लगता है क्या, बेटा?"

"नहीं, आंटी जी. बिल्कुल नहीं."

"मुझे तो लगता है," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी स्टूल उचलून पोस्टच्या आणखी जवळ ठेवलं.