बाईंची बिनखमिराची भाकरी

"कमी नाही करायचं, वेगळं करायचं!" असं म्हणून बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या. चष्मा वर गेला की समजायचं, आता कुणाची तरी पाठ, कुणाचा तरी टेंपो नाहीतर कुणाचा तरी रविवार कामाला लागणार. बहुतेक वेळा तिन्ही माझेच असायचे.

तुम्हालाही अशी एखादी बाई भेटली असेल. नसेल, तर पूर्वजन्मीचं पुण्य मोठं आहे तुमचं, जपा.

बाई म्हणजे माझ्या भूगावच्या घरातल्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू. शाळेतून निवृत्त, एकट्या, सत्तरी ओलांडलेल्या. धर्मानं ज्यू, आमच्याकडचे बेने इस्राएल असतात तशा. पण मराठी अशी, की माझी आई शेजारणीशी भांडताना अडली तर वरून शब्द पुरवायच्या. आपल्या समाजाच्या महिला मंडळाच्या त्या तहहयात अध्यक्ष. निवडणूक दरवर्षी व्हायची. समोर उभं राहायची कुणाची छाती नव्हती.

मंडळाचं काम एकच उरलं होतं. सणाला गरजू घरी पिशवी पोचवायची. एके काळी म्हणे शिवणवर्ग होता, औषधपाणी होतं, सहली होत्या. मग निम्म्या बायका इस्राएलला गेल्या, उरलेल्यांची पेन्शन महागाईनं खाल्ली आणि देणगीदार फोन उचलेनासे झाले. दर बुधवारी आमच्या वरच्या मजल्यावर सभा भरायची. आधी चहाबरोबर केक असायचा. मग बिस्किट आलं. मग नुसता चहा. मग चहाच्या रंगाचं गरम पाणी, इतकं नितळ की कपाच्या तळाच्या फुलाच्या पाकळ्या मोजून घ्याव्यात. पण पिशवीतला एक जिन्नस कमी होईल, तर शपथ.

त्या वर्षी पेसाहचा सण आला. या सणात आठ दिवस त्यांना खमीर, म्हणजे आंबून फुगलेलं पीठ, वर्ज्य, म्हणून भाकरीही बिनखमिराची. ती दरवर्षी मुंबईहून खोक्यांतून यायची. यंदाचा भाव ऐकून मंडळाच्या खजिनदार बाईंनी भिंत धरली.

चष्मा वर गेला.

"आपल्या आज्या कोकणात घरीच करायच्या. आपणही करू. मालक, तुमच्या मुळशीच्या घरी चूल आहे ना?"

काम असलं की मी 'मालक'. नसलं की 'अरे ए'.

करायला काय, भाकरीच तर होती! पण तिचा कायदा ऐका. पिठाला पाण्याचा थेंब लागल्यापासून अठरा मिनिटांत मळून, लाटून, भाजून मोकळं व्हायचं. एकोणिसावं मिनिट लागलं की ते खमीर. बाईंनी गहू दाणा दाणा निवडला. पौडच्या गिरणीवाल्याला दगड दोनदा पुसायला लावले. तो बिचारा अजून मला बघून शटर ओढतो. माझं मुळशीचं अंगण तर इतकं घासलं की आमची म्हैस दारात येऊन परत फिरली. तिला वाटलं, घर चुकलं.

गुरुवारी सकाळी टेंपोतून पाच म्हाताऱ्या उतरल्या. शुक्रवारी संध्याकाळी सण. नवे तवे, नवी लाटणी, चूल पेटलेली. मला मोबाइलचं घड्याळ लावून मधोमध उभं केलं. बाई म्हणाल्या, "सूनबाई, पीठ आण."

माझी बायको तोंडभर हसत बाहेर आली. "मावशी, तुमी कशाची काळजी करू नका. म्या पहाटंच समदी कणीक मळून ठिवलीया. वल्ल्या फडक्याखाली. लई मऊ मुरलीया बगा!"

अंगण असं गप्प झालं की धरणातले मासे बोलताना ऐकू यावेत.

आता तुम्हीच सांगा, आपल्यातली कुठली बाई कणीक मुरवल्याशिवाय पोळी लाटते? मी तिला कायदा सांगितला होता, नाही असं नाही. अठरा मिनिटं म्हणजे भाजायला, एवढंच तिनं ऐकलं. लग्नाला तीस वर्षं झाली, हिच्या उत्साहापुढं मी हात टेकले आहेत.

"चुकलं व्हय काय माजं?" तिनं विचारलं.

"गिरणीवर जाऊ का?" मी म्हणालो.

"गुरुवार आहे. वीज नाही," खजिनदार बाई म्हणाल्या. आणि गहू तरी कुठं उरले होते? अकरा घरं वाट बघत होती. त्यातल्या कित्येकांच्या ताटात या एका पिशवीखेरीज सण येणार नव्हता.

बाई कणकीपाशी गेल्या. फडकं उचललं, लांबूनच पाहिलं. "सुरेख मळलीयस गं. ही सगळी मी तुला दिली. आता तुझी. आत गॅसवर पोळ्या कर आणि समोरच्या रिसॉर्टच्या वाढीव बांधकामावरच्या मजुरांना जेवू घाल."

बायको रडायच्या बेतात होती, ती पोळपाट शोधायला पळाली.

लाटताना लावायला म्हणून थोडी पिठी वेगळ्या डब्यात ठेवली होती, कोरडी. बाईंनी तो डबा पुढं ओढला.

"बाई, एवढ्याशा पिठीत अकरा घरं?"

"देवानं माणशी घासभरच मागितलाय. ताट भरायचं काम तुमचं, मालक."

"माझं?"

"आमच्यात या सणाला तांदूळ चालतो. ओसरीवरची पोती इंद्रायणीचीच ना?"

"ती रिसॉर्टला कबूल केलीत!"

"त्यांच्या पाहुण्यांना नूडल्स आवडतात."

मी अर्धा तास भांडलो. खोटं कशाला बोलू, चार मिनिटं. घड्याळ माझ्याच हातात होतं.

मग पिठीवर पाणी पडलं आणि पाच म्हाताऱ्या अशा तुटून पडल्या की बस्स. एक मळतेय, दोघी लाटतायत, एक काट्यानं टोचतेय, बाई तव्यावर.

"चौदा!" मी ओरडलो.

"बहिरी नाही मी!"

"पंधरा!"

सतराव्या मिनिटाला शेवटची भाकरी उतरली. तळहाताएवढ्या, काळे डाग पडलेल्या. वाऱ्यानं उडून धरणात जाऊ नयेत म्हणून वर परात पालथी घातली.

बाई आता नाहीत. गेल्या थंडीत झोपेतच गेल्या. वर नवा भाडेकरू आलाय, सज्जन आहे, आवाज करत नाही, काही मागत नाही. असला वैतागवाणा माणूस मी पाहिला नाही.

पण त्या शुक्रवारचं सांगायचं राहिलं. पिशवी पोचवायचाही कायदा होता. घेणाऱ्यानं देणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, देणाऱ्यानं घेणाऱ्याचं. म्हणजे मी पंचावन्न वर्षांच्या गड्यानं दाराशी पिशवी ठेवायची, बेल दाबायची आणि धूम ठोकायची. दोन सोसायट्यांतल्या वॉचमननी पाठलाग केला, एका कुत्र्यानं तर चांदणी चौकापर्यंत! बाई टेंपोत तोंडावर पदर घेऊन बसलेल्या, जणू मी नवरी पळवून नेतोय.

शेवटचं घर पौड रस्त्याला होतं, तळमजल्यावर. ऊन उतरलं होतं. मी बेल दाबली आणि टेंपोकडं पळालो. टेंपो अर्थातच सुरू होईना. तेवढ्यात दार उघडलं. आदल्या दिवशी माझ्या अंगणात बसून सगळ्यांत पातळ भाकऱ्या लाटणारी म्हातारी दारात उभी होती.

बाई सीटवरून सरकल्या आणि थेट पायापाशी, खालच्या पत्र्यावर मुटकुळं करून बसल्या.

"अहो, हे काय?"

"गप. मला बघितलं तर बुधवारी ती माझ्या शेजारी बसणार नाही."

म्हातारी पिशवी छातीशी धरून फाटकापर्यंत आली. तिनं माझ्याकडं पाहिलं, रिकाम्या सीटकडं पाहिलं, टेंपोच्या दारात अडकलेल्या पदराच्या टोकाकडं पाहिलं. मग वर विजेच्या तारांकडं बघत मोठ्यानं म्हणाली,

"टेंपोवाले, ज्यांनी पाठवलं त्यांना सांगा, सण सुखाचा जावो. आणि म्हणावं, डॉक्टरनं गुडघा नवीन बसवलाय, असं खाली वाकून बसत जाऊ नका."

ती आत गेली. दार हळूच लागलं.

"गेली?" खालून आवाज आला.

"गेली."

"मला ओळखलं नाही ना?"

"छे हो, बाई," मी म्हणालो, आणि त्यांना वर उठवायला हात दिला.