खोट्या सर्व्हरचा 'नॉर्मल' रिपोर्ट

मंडळी, आमच्या टीम लीडची अक्कल आज परळच्या एका हॉस्पिटलात उघडी पडली.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. पेशंटला मोबाईलवर रिपोर्ट दाखवणारं ॲप आम्ही बनवलंय. लॅबचा खरा सर्व्हर तयार नव्हता, म्हणून टेस्टिंगपुरता मी एक खोटा सर्व्हर उभा केला. कुणाचाही रिपोर्ट मागा, तो एकच उत्तर देतो: 'नॉर्मल'. लॉन्चआधी तो काढा, असं लीडला तीनदा सांगितलं.

"सगळ्या टेस्ट पास, सगळं ग्रीन दिसतंय ना? मग कटकट करू नकोस," म्हणाला.

आज ॲप सुरू झालं. मी मदतीला लॅबबाहेर उभी होते. करी रोडच्या एक मावशी रक्ताचा नमुना देऊन बाहेर आल्या आणि पाचच मिनिटांत मला फोन दाखवत रडायलाच लागल्या. "नॉर्मल इला गो बाय! डॉक्टरांनी किडनीची भीती घातली होती."

त्यांचं रक्त अजून तपासलंच नव्हतं. हे मलाच सांगावं लागलं. मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या.

मी ॲप बंद करायला लावलं आणि लीडला फोन केला. "अगं, छोटीशी मिस्टेक आहे," म्हणून तो चक्क हसला.

तुमच्या ऑफिसात असल्या माणसाला काय म्हणतात? आमच्याकडे 'सर' म्हणावं लागतं.