कानामागची खूण

फोटोत बाळाच्या अंगावर डाग दिसला की तो पुसायचाच, हे कुणी ठरवलं? आठवलं की अजून डोकं तापतं. लेकराला जगात येऊन पंधरवडा झालेला नसतो आणि आपण त्याला दुरुस्त करायला बसतो!

मी सांगलीकडची. नववीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, नवऱ्याला वडशाच्या राइस मिलमध्ये काम लागलं म्हणून इतक्या लांब, राज्याच्या दुसऱ्या टोकाला आले. इथल्या एका स्टुडिओच्या मालकांनी माझ्या हातात कॅमेरा दिला. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. बाळंतिणीच्या खोलीत तान्ह्याचे फोटो काढायला बाईमाणूस गेलेलं बरं, एवढाच त्यांचा विचार. पण माझ्यासारखीला काम कुणी शिकवलं असतं? ते उपकार मी विसरत नाही. म्हणूनच त्यांच्यापुढं मी कधी उलट बोलत नाही.

थंडीत कुरखेड्याच्या पलीकडून एका घरचं बोलावणं आलं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मी टोपली, कापडी फुलं, लोकरी टोपी काढायला लागले तर बाळाची आजी म्हणाली, "ते राहू दे बाई. याच्या कानामांगचा फोटो काढ."

उजव्या कानामागं मसुराएवढा काळा डाग होता. बाळाचे आजोबा आदल्या वर्षी गेले. त्यांना उचलायच्या आधी आजीनं नेमकं तिथंच काजळीचं बोट टेकवलं होतं. इकडं काही घरांत तसं करतात. माणूस परत घरात जन्माला आला तर ओळखू यावा म्हणून.

"अन् आला पाहा," आजी म्हणाली.

मी चुलीवर हात शेकून घेतले, सुपात निजलेल्या बाळाला हलकेच कुशीवर केलं आणि दारातून येणाऱ्या उजेडात फोटो काढला. बाळानं झोपेतच ओठ मुडपले. या कामात असं काही मिळतं, त्याला पगार म्हणत नाहीत.

फोटो नागपूरला एडिटिंगला गेले, अल्बम होऊन आला. मी तो न उघडताच त्या घरी घेऊन गेले. आजीनं पानं उलटली, मग बाळाचा कान बघितला, पुन्हा पान बघितलं. फोटोत बाळ दुधासारखं गोरं. कानामागं काही नाही.

"इथी होता ना? गेला कुठी? पुसला काऊन?"

मी वाकून पान बघितलं.

"एकदा लोकांनी खांद्यावर नेला माया बुढ्याले, मी काई बोलली नाई," ती म्हणाली. "आता तुमी पुसून टाकला."

अल्बम तिनं माझ्या मांडीवर ठेवला.

बाहेर येऊन मी नागपूरला फोन लावला. तिथला माणूस हसला. "डागच काढला ना मॅडम? लोक तर थँक्यू म्हणतात!" डाग! कुणाचं माणूस त्यात परत आलंय, हे त्याला ठाऊक नसेल. पण विचारायला काय झालं होतं? आणि गोरं करायला कुणी सांगितलं होतं?

स्टुडिओत भाऊही तेच म्हणाले, "लोकांले गोरं लेकरू पाहिजे राह्यते. तू काऊन एवढी तापून राह्यली?"

मी अल्बमचं ते पान त्यांच्यापुढं उघडलं. "भाऊ, असं गोरं लेकरू त्या घरात नाहीच. मग आपण फोटो कुणाचा दिला?"

त्यांनी अल्बम मिटून बाजूला सारला. वाटलं, गेलं काम.

"मूळचा फोटो हाय का?"

"आहे."

"मंग तोच छाप. पण तूच नेऊन दे. मले शिव्या खायच्या नाई."

जसा काढला होता तसाच छापला. सावळी कातडी, मुडपलेले ओठ, कानामागं ती खूण. आजीनं फोटो दारात उजेडाला धरला आणि खुणेवर बोट ठेवलं.

"सापडला का नाई, बुढ्या? आता तरी मले सांगून जात जाय."

तेवढ्यात आतून लेक ओरडली, "तुया बुढा होय ना, मंग लंगोट तूच बदल, माय!"