भाऊजींची सावकाश फेरी

विनूआजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, आमच्याकडे आले की चहाच्या आधी फ्रिजच्या मागे हात घालून बघत. "वहिनी, याला दम लागलाय. भिंतीपासून जरा सरकवा, हवा मिळू दे." त्यांचं सगळं आयुष्य रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर गेलं. राहायचे दुर्गाघाटावर, जिथे गल्लीत गाडी शिरतच नाही. त्यांना जाऊन आता वर्ष होईल, म्हणून हे तुमच्यासाठी लिहून ठेवते आहे.

तुमच्या मुक्तामावशीने टर्बोची गाडी घेतली आणि दिल्लीजवळच्या ट्रॅकवर पळवायला नेली. तिसऱ्याच फेरीत तापमानाचा काटा लालवर गेला. संयोजकांनी तिला बाहेर काढलं आणि बजावलं, पुढच्या वेळी तापली तर परत प्रवेश नाही. मुक्ता एवढंसं तोंड करून घरी आली.

गल्लीत शिरत नाही म्हणून गाडी नदीपलीकडे रामनगरला ओळखीच्यांच्या अंगणात उभी होती. भाऊजी आणि मी शेअर ऑटोने पोचलो. मुक्ता कूलंट आणायला बाजारात गेली, तेवढ्यात भाऊजींनी बंपर उतरवला. रेडिएटरच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या गच्च बसलेल्या. ट्रॅकवर निघताना गाडीची पूजा करून पुढे झेंडूचा जाडजूड हार मीच बांधला होता.

"भाऊजी, हे माझंच काम."

"राहू द्या, वहिनी. देवाला वाहिला, इंजिनाने खाल्ला."

जुन्या टूथब्रशने त्यांनी जाळी साफ केली. रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बुजवल्या. "हवा मोठी आळशी. बाजूने वाट दिसली की बाजूनेच पळते."

मुक्ता परतली. "आता सगळ्या फेऱ्या फुल मारते, काका."

"नाही बिटिया. दोन फेऱ्या तुझ्या, तिसरी इंजिनाची. सावकाश."

"सगळे पुढे जातील ना!"

"जाऊ देत. मोजणार तुझी सगळ्यात चांगली फेरीच ना?"

ट्रॅकवर आम्हीही गेलो. तिसऱ्या फेरीत चार गाड्या तिच्या पुढे गेल्या. शेजारचा एक जण हसला, "मैडम थक गईं."

"थकी नहीं, साँस ले रही है," भाऊजी म्हणाले.

आठवी फेरी तिची सर्वांत वेगवान ठरली. काटा शेवटपर्यंत मध्यावरच राहिला आणि पुढच्या वेळचा प्रवेश पक्का झाला.

परतताना गाडीत मला राहवेना. "मुक्ता, तो हार माझा होता."

"माहीत आहे, आई. काकांनी त्याच दिवशी सांगितलं. म्हणाले, वहिनी स्वतः बोलेपर्यंत विषय काढायचा नाही."

मी मागच्या सीटकडे वळून पाहिलं. भाऊजी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करत होते, पण मिशीखालचं हसू काही त्यांना आवरत नव्हतं.